दुसऱ्याच्या खुणेवर पाना

डावं मागचं चाक सुटलं आणि एकटंच पुढं गेलं.

आमचा टोणगा तेव्हा चढणीच्या फळीवर होता. यंत्राला टोणगा हे नाव पोरांनीच ठेवलं होतं. सुरुवातीला ते एकदा अडलं की अडलंच, शेपूट पिरगाळल्याशिवाय हलायचं नाही, असं अल्ताफ म्हणायचा. फळी चढायची आणि वरच्या टोपलीत चेंडू टाकायचे, असा खेळ होता. चार चेंडू पडले होते. पाचव्याच्या वेळी चाक सुटलं, टोणगा कुशीवर कलला आणि घसरत खाली आला. चाक चटईवरून सरळ गेलं, कडेच्या पट्टीला थडकलं आणि भिंगरीसारखं फिरत आडवं झालं. बघणारी पोरं हसली. त्यांचं काही चुकलं नाही. सकाळी दुसऱ्या एका शाळेचं यंत्र जागच्या जागी गरगरत राहिलं तेव्हा मीही हसलो होतो.

रिमोट संयोगिताच्या हातात होता. शिट्टी वाजली तरी तिचे अंगठे बटणांवरून उठेनात. शेवटी विश्वतेजने तिच्या हातातून रिमोट काढून घेतला.

मोठ्या माणसांनी दोरीच्या अलीकडं बसायचं, यंत्राला हात लावायचा नाही, असा त्या स्पर्धेचा नियम होता. मी हुपरे सरांच्या शेजारी बसलो होतो. सर हळूच म्हणाले, "नट आवळलाच नव्हता कुणी." मी काही बोललो नाही. सरांना वाटलं, मला वाईट वाटलं म्हणून बोलत नाही.

सकाळच्या दोन्ही फेऱ्या आम्ही जिंकल्या होत्या. ही तिसरी जिंकली असती तर राज्याला गेलो असतो. परतीच्या गाडीत सहा पोरं सहा बाकांवर बसली. येताना तीच सहाजणं दोन बाकांवर कोंबून बसली होती.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा बासष्टीचा होतो. फाउंड्रीच्या मशीनशॉपमध्ये अडतीस वर्षं फिटर म्हणून काढली, मग गुडघे गेले, आणि आमच्याच पट्ट्यातल्या एका हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये हत्यारं सांभाळायला लागलो. माझं नाव केरबा, पण शाळेत शिपायापासून मुख्याध्यापक बाईंपर्यंत सगळे मला मिस्त्रीच म्हणायचे. हुपरे सरांनी रोबोटचा क्लब काढला तेव्हा त्यांनी मला सांगितलं की मिस्त्री, डोकं मी बघतो, पोरांचा हात तुम्ही बघा.

पहिलं वर्ष नुसतं भांडणात गेलं. सहा पोरं, आणि कुणाचा कुणावर भरवसा नाही. एकाने आवळलेला नट दुसरा सोडून बघायचा, खरंच आवळलाय का म्हणून. मग तिसरा येऊन परत आवळायचा. नटांच्या कडा घासून गोल झाल्या. अल्ताफ कॉम्प्युटरवाला, तो म्हणायचा, माझा प्रोग्राम म्हशीवर टाकला तर म्हैससुद्धा सरळ चालंल, तुमची चाकंच वाकडी. विश्वतेज कॅप्टन, तो म्हणायचा, आधी म्हैस तरी धरून आण. दिवसभर हेच.

तेव्हा मी त्यांना फाउंड्रीतली खूण शिकवली. नट पान्याने पुरा आवळायचा, आणि मग नटावरून खालच्या लोखंडापर्यंत तांबड्या रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी सैल पडला तरी रेघ तुटते, लांबून दिसतं. पण ते झालं रंगाचं काम. खरं काम वेगळं. रेघ ओढणारा म्हणतो, हा नट मी आवळलाय, याला काही झालं तर मला विचारा. म्हणून दोन नियम. पान्याशिवाय खूण करायची नाही. आणि दुसऱ्याच्या खुणेवर पाना लावायचा नाही. लावला तर ते त्या माणसाला खोटा म्हटल्यासारखं आहे.

फाउंड्रीत आमच्याकडं पांडबा म्हणून एक होता. पाळी सुटायच्या घाईत त्याने चार नटांना नुसती रेघ ओढली. पुढच्या पाळीच्या माणसाने खूण बघितली आणि मशीन चालू केलं. त्या माणसाचा उजवा हात कोपरापासून गेला. मी ही गोष्ट पोरांना सांगितली तेव्हा संयोगिताने विचारलं होतं, पांडबाचं काय झालं. मी म्हणालो, त्याचा पाना काढून घेतला. परत कधी कुणी त्याच्या हातात हत्यार दिलं नाही.

खुणेने क्लब बदलला. पोरं वेगवेगळ्या वेळी यायची, खूण बघायची आणि पुढचं काम धरायची. कुणी कुणाला विचारत नव्हतं, कुणी कुणाचं सोडत नव्हतं. हुपरे सर म्हणायचे की मी जे वर्षभर भाषणं करून शिकवू शकलो नाही, ते तुम्ही रंगाच्या एका डब्यात शिकवलं. मला ते बोलणं गोड लागायचं. उभ्या जन्मात मला कुणी शहाणा म्हटलं नव्हतं.

संयोगिता त्या सहांतली एकटी मुलगी. दहावीला होती. बाप बाजीराव चौगुले दूध संघाच्या टँकरवर चालक. हाताची इतकी पक्की पोरगी मी फाउंड्रीतही बघितली नाही, आणि फाउंड्रीत पोरी नव्हत्याच म्हणा. चाक नुसतं फिरवून ती सांगायची, मिस्त्री, यात एक वायसर कमी पडतोय. तिला दहावीनंतर डिप्लोमाला जायचं होतं. बाजीराव तयार नव्हता. पोरीने लोखंडाचं काम शिकून करायचं काय, असं त्याचं म्हणणं. पण मास्तरांचा शब्द तो मानायचा. हुपरे सरांनी तिला सांगून ठेवलं होतं की स्पर्धा होऊ दे, मी स्वतः घरी येऊन वडिलांशी बोलतो. ती त्या एका बोलण्यावर दिवस मोजत होती.

आणि मला अक्षरं तिनेच शिकवली. क्लबात एक वही होती. त्या दिवशी कुणी काय केलं, काय राहिलं, ते रोज लिहायचं. मला ती वाचता येत नाही हे तिला कळलं तेव्हा ती हसली नाही. मधल्या सुट्टीत डबा खाऊन वर्कशॉपमध्ये यायची आणि माझ्यापुढं पाटी ठेवायची. स्पर्धेच्या सुमाराला मी बोट ठेवून ओळ वाचायला लागलो होतो. सावकाश, पण वाचायचो.

स्पर्धा झाली शनिवारी. सोमवारी शाळा सुटल्यावर सरांनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. टेबलावर टोणगा, शेजारी ते चाक, आणि वही. मी हत्यारांच्या फळीपाशी उभा होतो.

सरांनी विचारलं, डावं मागचं चाक कुणाचं. संयोगिताने चाक उचलून बघितलं आणि म्हणाली, माझं. मग तिने सांगितलं की शुक्रवारी तिने तो नट मुद्दाम हातानेच बसवून ठेवला होता. चाक जरा डुलत होतं. तिथल्या चटईवर चालवून बघायचं आणि मग एक वायसर का दोन ते ठरवून पान्याने आवळायचं, असं तिचं आणि विश्वतेजचं बोलणं झालं होतं. म्हणून खूण केली नव्हती. तसं वहीतही लिहिलं होतं.

"मग सकाळी का नाही आवळलास?" सर म्हणाले.

"सकाळी खूण होती, सर. मला वाटलं विश्वतेजने वायसर टाकून आवळला. तो नाव नोंदवायच्या रांगेत होता. आणि खुणेवर पाना लावायचा न्हाई."

विश्वतेज म्हणाला, "मी त्या चाकाला हात लावलेला न्हाई."

अल्ताफ म्हणाला, त्याने नाही. बाकीच्या तिघांनीही मान हलवली. मग सगळ्यांच्या मनातलं अल्ताफनेच बोलून टाकलं. तो वाईट पोरगा नव्हता. दोन वर्षांची मेहनत चटईवर आडवी झालेली त्याने बघितली होती. तो म्हणाला, "घाईत तूच रेघ ओढलीस आणि आवळायचं विसरलीस, संयू. म्हण की तसं. म्हटलंस तर मिटलं."

"मी ओढली न्हाई."

"मग काय टोणग्यानं ओढली?"

कुणी हसलं नाही.

ती रेघ मी ओढली होती.

शुक्रवारी दुपारी पोरं हॉलमध्ये गेली होती, शुभेच्छांच्या कार्यक्रमाला. मुख्याध्यापक बाई संस्थेच्या लोकांना घेऊन टोणगा दाखवायला येणार होत्या. मी फडक्याने तो पुसत होतो. बारा नटांपैकी अकरांवर खूण होती, एकावर नव्हती. मी बोटांनी नट हलवून बघितला. हलला नाही. तिच्या हाताला जोर होता आणि माझ्या बोटांत तो उरला नव्हता, एवढंच त्याचं कारण. मला वाटलं, पोरगी आवळून गेली आणि रंग लावायची विसरली. पाना फळीवर होता, माझ्यापासून चार पावलांवर. वही टेबलावर उघडी होती, माझ्या कोपराशी. तिच्यात काय लिहिलंय ते मला वाचता आलं असतं. पण अडतीस वर्षं मी लोखंड बघून काम केलं, कागद बघून नाही. व्हरांड्यात पाहुण्यांच्या चपला वाजायला लागल्या. खुणेची रेघ नसलेला नट त्यांच्यापुढं नको, पोरांचं नाव जाईल, असं मनात आलं. मी कुंचला उचलला.

चाक सुटलं त्याच क्षणी मला हे सगळं दिसलं होतं. सोमवारी मी ते सांगणार होतो. सकाळी अंघोळ करताना शब्द जुळवले होते. मी तोंड उघडणार, तोवर सर माझ्याकडं वळले.

"मिस्त्री, नियम तुमचा आहे," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा. खोटी खूण झाली तर फाउंड्रीत काय करायचे?"

सहा पोरं माझ्याकडं बघत होती. त्यांच्या नजरेत मी अजून मिस्त्री होतो. माझा एक शब्द, आणि मी तिथं पांडबा झालो असतो.

"पाना काढून घेत्यात," मी म्हणालो.

संयोगिताने खिशातून तिचा पाना काढला आणि टेबलावर ठेवला. आवाजसुद्धा केला नाही. मग तिने माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, तिला रडू येतंय आणि ती आवरतेय. मी फळीवरची हत्यारं सारखी करत राहिलो.

मंगळवारी मधल्या सुट्टीत ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो. पण ती आली. पाटी ठेवली, समोर बसली. मी वाचलं, तिने चुका सांगितल्या. आदल्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, पोरगी मोठ्या मनाची आहे, सावरेल. बुधवारीही आली. गुरुवारी पाटीऐवजी क्लबाची वही घेऊन आली. शुक्रवारचं पान उघडलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हे वाचा," म्हणाली.

मी बोट ठेवलं. "डावं... मागचं... चाक... सकाळी... आवळायचं. खूण... केलेली... नाही."

"अजून एकदा वाचा."

मी परत वाचलं. या वेळी न अडखळता आलं. तसं पहिल्यांदाच आलं होतं. एरवी तिने शाबासकी दिली असती. ती नुसती बसून होती. बाहेर मैदानात पोरं ओरडत होती. मी म्हणालो, आज डोळं दुखत्यात, आता पुरे.

तिने वही मिटली, फळीवर ठेवली आणि गेली. शुक्रवारी आली नाही. त्यानंतर वर्कशॉपच्या दारातही आली नाही.

क्लब फार दिवस टिकला नाही. डबा होता, कुंचला होता, खुणाही करायचे. पण आता प्रत्येकजण दुसऱ्याच्या खुणेवर पाना लावून बघायचा. अल्ताफ तर माझ्या देखत लावायचा, आणि मी त्याला काही म्हणायचो नाही. मार्चमध्ये विश्वतेजने अभ्यासाचं कारण सांगितलं, मग बाकीच्यांनीही सांगितलं. टोणगा कपाटावर गेला. हुपरे सर बाजीरावाकडं गेले नाहीत. मी त्यांना एकदा आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, कुठल्या तोंडाने जाऊ. मी तिथंही बोलू शकलो असतो. सर एकटे होते, दार बंद होतं. पण तोवर इतके दिवस उलटले होते की आता नुसतं चाकाचं सांगून भागणार नव्हतं. गप्प बसलो त्या प्रत्येक दिवसाचं सांगावं लागलं असतं.

दहावीचा निकाल लागला. संयोगिताला चांगले मार्क पडले, असं शाळेत कळलं. पुढं पंधरा-वीस दिवसांनी शिपाई सांगत आला की चौगुल्याच्या पोरीला आर्ट्सला घातलं. मी तीन रात्री झोपलो नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल, झोपलो, जेवलोही. पण चौथ्या दिवशी सकाळी उठून वडापची जीप धरली आणि त्यांच्या गावाला गेलो.

बाजीराव घरीच होता. ओट्यावर बसून टँकरचा कसला तरी पंप खोलून साफ करत होता. मला बघून उठला, घोंगडं टाकलं, आत चहा सांगितला. मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शुक्रवारची दुपार, बारावा नट, पाहुणे, कुंचला, आणि सोमवारचं माझं बोलणं. बोलताना मी त्याच्या हातातल्या पंपाकडं बघत होतो.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पंप खाली ठेवला.

"मी सरांना फोन केला होता," तो म्हणाला. "म्हटलं, पोरगी लई मागं लागल्या, तुम्ही सांगाल तसं करतो. सर म्हणाले, हुशार आहे, पण हाताची खात्री देता येणार न्हाई. आता मला सांगा मिस्त्री, खात्री नसलेल्या माणसाला मी टँकरवर तरी चढू देईन का?"

मी म्हणालो, सरांकडं मी आत्ताच्या आत्ता जातो, त्यांना सांगतो, ते परत फोन करतील.

"सांगा की. सांगायला काय हाय." तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो चिडला नाही. "पण डिप्लोमाचे फॉर्म परवा बंद झाले. आणि झालं ते बरंच झालं म्हणायचं. तिची आईपण नकोच म्हणत होती." आणि मग, घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तसं म्हणाला, "एका नटाचं काय एवढं मनाला लावून घेताय."

चहा घेऊन संयोगिता आली. तिने दाराआडून सगळं ऐकलं असणार. दार उघडंच होतं. कप माझ्या हातात दिला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, रागही नव्हता. बाजीराव पंप घेऊन घरामागच्या परड्यात गेला. मुद्दाम गेला की कामाला गेला, मला माहीत नाही.

"तुला ठावं होतं," मी म्हणालो.

"रेघ वरनं खाली ओढलेली होती, चाकाकडं रंग निमुळता होत गेलेला. आम्ही सगळी खालनं वर ओढतो. वर्कशॉपात वरनं खाली ओढणारे तुम्ही एकटेच." ती हे अगदी साधेपणाने सांगत होती, एखाद्या चाकाचं सांगायची तसं. "सोमवारी चाक हातात घेतलं तेव्हाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस? तिथंच बोलायचं होतंस. सगळ्यांच्या पुढं."

"मला वाटलं, तुम्ही बोलाल. सरांनी तुम्हालाच इचारलं की. मग वाटलं, सगळ्यांच्या पुढं जमलं नसंल, एकटं असताना बोलाल. म्हणून तीन दिवस येत राहिले."

कप माझ्या हातात तसाच होता. मी म्हणालो की पोरी, तू नुसतं माझं नाव जरी घेतलं असतंस तरी मी कबूल झालो असतो. म्हणजे असं म्हणायला मी सुरुवात केली. तिने मला ते पुरं करू दिलं नाही.

"मी नाव घेतलं असतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढं न्हाई म्हणाला असता, तर मग मी काय करायचं होतं, मिस्त्री?"

ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिला खरंच उत्तर पाहिजे होतं. न्हाई म्हणालो नसतो, एवढेच तीन शब्द होते. मी ते शोधत राहिलो, आणि तिने माझ्या हातातला भरलेला कप घेतला आणि आत गेली.